भूगोलाचा पेपर झाल्यावर

दहावीच्या भूगोलात पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. त्यात नळदुर्गची मुलं बसमध्ये बसून थेट अलिबागच्या समुद्रापर्यंत जातात. वाटेत जमीन, पिकं, घरं कशी बदलतात ते बघतात, भेटेल त्याला प्रश्न विचारतात. पुस्तक २०१८ साली आलं. तेव्हापासून मी हा धडा सात तुकड्यांना शिकवला आणि सातही वेळा फळ्यापुढून हलले नाही. 'प्रश्नावली तयार करा' म्हटलं की मुलं प्रश्नावली तयार करायची. उत्तर द्यायला समोर माणूस कुठला?

आमची शाळा आटपाडी तालुक्यात. डाळिंबं, मेंढरं, गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) आणि न पडणारा पाऊस. पुढे पुस्तकात ब्राझीलचा 'अवर्षण चतुष्कोन' येतो. तो आमच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. समुद्र मात्र सांगावा लागतो.

यंदा फेब्रुवारीत निरोप समारंभ झाला. सगळ्यांनी पाठ केलेली भाषणं केली, दोघी-तिघी रडल्या, वर्गाने शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. (दरवर्षीचा वर्ग घड्याळच देतो. आमच्या स्टाफरूममध्ये आता चार घड्याळं आहेत आणि चारही वेगळी वेळ दाखवतात.) जेवणाच्या पंगतीत हजेरीतल्या एकोणीस नंबरनं मला विचारलं, "मॅडम, तुमी अलिबाग अलिबाग म्हणताय, तुमी तरी बघितलंय का?"

नव्हतं बघितलं.

सहलींचा हंगाम जानेवारीतच संपतो. शिवाय परीक्षा झाली की ही मुलं शाळेची राहत नाहीत. त्यामुळे पालकांची हमीपत्रं, वर्गणी आणि एसटीचा प्रासंगिक करार असं सगळं आमचं आम्हीच जमवलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असतं, मग आमची वर्गणी निम्मी का नाही, यावर मुलींनी दोन दिवस भांडण केलं. करारात किलोमीटरचे पैसे मोजायचे असतात, तिकीट नसतंच, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मुलांची नावं लिहीत नाही, हजेरीचे नंबरच लिहिते. पटावर अडतीस. तेवीस नंबर दिवाळीनंतर शाळेत आलाच नाही, मामाच्या गलाईच्या दुकानात कालिकतला गेला. तीस नंबरच्या वडिलांनी नाही म्हटलं. कारण विचारायला मी घरी गेले, चहा मिळाला, कारण मिळालं नाही. राहिले छत्तीस. सोबत मी, मराठीच्या मॅडम, पीटीचे सर आणि शाळेचे शिपाईमामा.

पहिला दिवस : बुधवार, १९ मार्च २०२५

भूगोलाचा पेपर १७ तारखेला झाला, म्हणजे पुस्तकं मिटून दोनच दिवस झालेले. पहाटे चारला गाडी लागली. रंगपंचमीचा दिवस. ड्रायव्हरनं आधीच बजावलं, "सीटला रंग लागला तर मी भरणार नाही." विट्यापर्यंत सगळे झोपले. गाडीत मोजणी करायची पद्धत सरांनी ठरवून दिली होती: आपापला नंबर मोठ्यानं म्हणायचा. बावीस झाला की क्षणभर गाडी गप्प व्हायची. दुसऱ्या मोजणीला मागून कुणीतरी ओरडलं, "तेवीस, कालिकत!" मग चार दिवस प्रत्येक मोजणीत ते चालू राहिलं.

कऱ्हाडला प्रीतिसंगमावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून पूर्वेला निघतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी काठावरच आहे. मी सांगितलं, इथून थोडं खाली टेंभू. आपल्याकडे जे पाणी येतं ते तिथून उचलून, टप्प्याटप्प्यानं पंप लावून वर चढवलेलं. मुलं नदीकडे जरा जवळच्या नात्यानं बघायला लागली.

कोयनानगरला धरण लांबूनच बघितलं. १०५ टीएमसी हा आकडा पाठ असलेली मुलं होती. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप मी सांगितला. पण मजा झाली ती पुढे. कोयनेचं पाणी एरवी कऱ्हाडला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जायचं. धरणामुळे त्यातलं बरंचसं डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, पोफळीला वीज तयार करतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं, असं मी सांगत होते. पंधरा नंबरच्या घरी दोन एकर डाळिंब आहे. त्यानं मध्येच थांबवलं.

"म्हंजे आपल्याकडं पंपानं चढवत्यात आन् हिकडं आपोआप उतरवत्यात?"

"उतरताना वीज होते रे."

"मग त्याच विजेवर आपलं पंप चालत असतील की."

सात वर्षांत उत्तरपत्रिकेत मला असलं वाक्य सापडलेलं नाही. मी त्याला दहावीभर काठावर मार्क दिले होते, हेही लिहून ठेवते.

कुंभार्ली घाटात गाडी वळायला लागली तशा चार मुली खिडकीकडे सरकल्या, पिशव्या निघाल्या. एकीची पिशवी खिडकीबाहेर जाणार एवढ्यात मागच्या बाकावरून कोरसमध्ये आवाज आला, "क्षेत्रभेटीदरम्यान कचऱ्याचे व्यवस्थापन कसे कराल?" हा स्वाध्यायातला प्रश्न. पिशवी आत आली. कोयनेकडे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे पाचशेही धड नाही. मार्चच्या मध्यावर घाटातली झाडी हिरवीगार बघून मुलं हळहळली. मत्सराला दुसरा शब्द मला सुचत नाही. पर्जन्यछाया मी फळ्यावर एक डोंगर आणि दोन बाण काढून शिकवते. घाटमाथा ओलांडताना ती खिडकीतून दिसते, अर्ध्या तासात.

चिपळूण सोडल्यावर एका गावात पालखी आडवी आली. शिमगा. आमच्याकडे होळी एका रात्रीत आटोपते, इथे पालखी घरोघर फिरत दिवसच्या दिवस चालतो. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, खाली उतरून नारळ ठेवला. मुलंही उतरली, ढोलावर नाचून आली. अर्धा तास गेला. पीटीचे सर घड्याळ बघत होते, बाकी कुणी नाही.

गुहागरला पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. सुरूच्या झाडांतून किनाऱ्याकडे पायवाट होती. सरांनी शिट्टी वाजवून सूचना दिल्या: गुडघ्याच्या पुढे नाही, जोडीनं हात धरून, शिट्टी झाली की बाहेर. मुलांनी माना हलवल्या. झाडं संपली आणि समोर तो आला.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. कुणीच काही बोललं नाही. छत्तीस पोरं वाळूवर एका रांगेत उभी, चपला हातात. मग सत्तावीस नंबर गेला, ओंजळ भरली, तोंडाला लावली, थुंकला आणि मागे वळून ओरडला, "आरं, खरंच खारट हाय!" खरंच म्हणे. म्हणजे इतकी वर्षं आम्ही सांगत होतो ते त्यानं तात्पुरतं मान्य केलं होतं.

त्यानंतरचा तास लिहिता येणार नाही. मराठीच्या मॅडमनी साडी खोचली, एवढंच सांगते.

सूर्य टेकायला आला तेव्हा बावीस नंबरनं तेवीसला व्हिडिओ कॉल लावला. तो दुकानातच होता. मागे भट्टी, भिंत काळी, अंगात बनियन. सगळ्यांनी मिळून त्याला समुद्र दाखवला. तो हसला. "मी रोज बघतोय की. दुकान झाडून झालं की जातो, दहा मिनिटांवर हाय." मग त्यानं विचारलं, "भूगोलाचा पेपर कसा होता?"

लगेच कुणी बोललं नाही. "सोपा होता," बावीस म्हणाला. ही दोघं पाचवीपासून एका बाकावर.

रात्री एका मंगल कार्यालयात मुक्काम. बुधवार असल्यामुळे मासे चालणार होते. बांगडा कसा खायचा हे माहीत नसलेल्या वीस-बावीस जणांना शिपाईमामांनी काटे काढून दिले. सोलकढी निम्म्यांनी औषध म्हणून प्यायली.

दुसरा दिवस : गुरुवार, २० मार्च

ही तारीख मी नीट बघायला हवी होती. मुक्कामाला रायगडाच्या पायथ्याला पाचाडला पोचायचं होतं, वाटेत महाड. खेड मागे पडलं, कशेडीचा घाट आता सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यातून पार होतो, मुलांनी आत ओरडून घेतलं. पोलादपूरच्या पुढे ट्रक, टेम्पो, एसट्या, सगळ्यांवर निळे झेंडे. महाडच्या अलीकडेच पोलिसांनी गाडी बाजूला लावायला सांगितली.

"मॅडम, आज वीस मार्च हाय," एकतीस नंबर म्हणाली. तिच्या आवाजात 'तुम्हाला कसं ठाऊक नाही' असं थोडं होतं.

चवदार तळ्याचा सत्याग्रह, २० मार्च १९२७. इतिहासाच्या पेपरात गाळलेली जागा भरायला हमखास येणारी ओळ. आम्ही वळसा घालून पुढे जायचं ठरवत होतो. एकतीस म्हणाली, "तळं बघू की. मी दोनदा आलीय आज्ज्याबरोबर. माझ्या मागनं या." वर्गात ती तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसायची. पाच वर्षांत स्वतःहून उठून बोललेली मला आठवत नाही.

गर्दी अशी होती की आम्ही चालत नव्हतो, नेले जात होतो. एकतीस पुढे, मागे हाताला हात धरून बाकीचे. चालता चालता ती वळून सांगत होती: सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झालेला, महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केलेला, पण कागदावरच. बाबासाहेब परिषदेतून लोकांना घेऊन चालत निघाले आणि तळ्याचं पाणी प्याले. नंतर दंगा झाला, तळ्याचं शुद्धीकरण केलं गेलं. मग डिसेंबरात पुन्हा परिषद, मग कोर्टात वर्षानुवर्षं खटला. सनावळी ती माझ्यापेक्षा नीट सांगत होती. तळ्याच्या पायऱ्यांवर तिनं ओंजळ भरली. मग पंधरानं, मग बाराव्यानं, मग रांगच लागली.

आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीवर साखळीला बांधलेला एक ग्लास आहे. कोण कुणाच्या बाटलीतून पितं आणि कोण पीत नाही, हे मी इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं असं म्हणणार नाही. बघितलं होतं, बोलले नव्हते. तळ्यावर उभी राहून मला तो ग्लास दिसत राहिला.

गाडीशी परत आलो, मोजणी झाली, नऊ नंबर नाही. पोटात गोळा आला. सर आणि मामा परत गर्दीत शिरले. पाऊण तासानं नऊ नंबर सापडला, पुस्तकांच्या स्टॉलवर उकिडवा बसून वाचत. तिथे इतकी पुस्तकं विकायला होती की कुणाचंही भान जावं. सरांनी त्याला रागवायला तोंड उघडलं आणि मग किती पैसे कमी पडतायत ते विचारलं.

रात्री पाचाड. जिजाऊंचा वाडा आणि समाधी अंधार पडायच्या आत बघितली. जेवणं झाल्यावर अंगणात सतरंज्या टाकल्या. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, निरोप समारंभात बोललात ते सोडून काहीतरी बोला. आधी खाकरणं, ढकलाढकली. मग सुरू झालं ते बाराला थांबलं.

ही मुलं जून २०१९ मध्ये पाचवीत आमच्याकडे आली. मार्चमध्ये शाळा बंद झाली, पाचवीची वार्षिक परीक्षा झालीच नाही. त्याच महिन्यातला दहावीचा भूगोलाचा पेपरही पुढे रद्द झाला आणि त्या वर्षीच्या मुलांना सरासरीनं मार्क मिळाले. पुढच्या वर्षी तर दहावीची परीक्षाच नाही. आम्ही शिक्षक त्या काळाबद्दल 'ऑनलाइन घेतलं' असं म्हणतो. मुलांनी त्या रात्री त्यांची बाजू सांगितली. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर यायची, म्हणून सहावीचे आठ जण टाकीवर बसायचे. चौदा नंबरच्या घरी तीन भावंडांत एक फोन, तोही वडील मेंढरांमागे घेऊन जायचे. त्याची सहावी कधी झालीच नाही. पस्तीस म्हणाली, मी तुमचा आवाज बंद करून नुसता चेहरा चालू ठेवायचे, मॅडम, आणि भाकऱ्या थापायचे. सगळे हसले, मीही. ४ ऑक्टोबर २०२१ ला आमच्यासारख्या गावातल्या पाचवीपासून पुढच्या शाळा उघडल्या, तेव्हा ही पोरं सातवीत होती आणि निम्म्यांना एकमेकांची नावं पुन्हा विचारावी लागली होती.

बारा नंबर सगळ्यात शेवटी बोलला. वर्षभरात त्याची गैरहजेरी सत्तर दिवसांच्या वर. "मी शाळंत यायचो, पण वर्गात न्हाय. ग्राउंडच्या मागं चिंचंखाली बसायचो. तुमची हजेरी ऐकू यायची तिथनं." एवढंच बोलून तो झोपायला गेला.

तिसरा दिवस : शुक्रवार, २१ मार्च

पहाटे साडेपाचला चित्त दरवाजाकडून रायगड चढायला लागलो. रोपवे आहे, पण छत्तीस जणांचं तिकीट वर्गणीत बसत नव्हतं आणि सरांच्या मते रोपवेनं गेलं तर गड बघितला असं म्हणता येत नाही. चौदाशेच्या वर पायऱ्या. आमची पोरं माळावर वाढलेली, ती दीड तासात वर. मी आणि मराठीच्या मॅडम अडीच तासांत, प्रत्येक वळणावर इतिहासाबद्दल काहीतरी बोलण्याच्या निमित्तानं थांबत.

६ जून १६७४ चा राज्याभिषेक, ३ एप्रिल १६८०, हिरकणीची गोष्ट, टकमक टोकाचा कडा, बाजारपेठेचे उंच चौथरे हे सगळं झालं. गाइड चांगला होता, पण त्याला टाळ्यांची सवय होती. जगदीश्वराच्या देवळापाशी पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर हिराजी इंदुलकर' ही अक्षरं आहेत. एवढा गड बांधणाऱ्यानं आपलं नाव पायरीवर ठेवलं. मामा तिथे बराच वेळ उभे होते. दुसऱ्यांदा मागे जाऊन परत वाचून आले.

राजसदरेवर गाइडनं नेहमीचा प्रयोग केला: नगारखान्याच्या दाराशी हळू बोललेलं सिंहासनाच्या जागेपर्यंत ऐकू येतं. कागद फाडून दाखवला, काडी ओढून दाखवली. मग मुलांची पाळी. कुणी शिट्टी, कुणी एखादीचं नाव. मी मेघडंबरीच्या बाजूला उभी होते. बारा नंबर दाराशी गेला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि काहीतरी पुटपुटला. स्पष्ट ऐकू आलं.

"बारा. हजर, मॅडम."

मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. ऊनही फार होतं.

उतरून, जेवून निघालो. माणगाव, कोलाड, वडखळ. या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सगळे झोपले होते. अलिबागला रात्र झाली.

चौथा दिवस : शनिवार, २२ मार्च

तर हे अलिबाग. किनारा, घोडागाड्या, शहाळी आणि पाण्यात कुलाब्याचा किल्ला. ओहोटीला चालत जाता येतं, ही माहिती मी मुलांना बसमध्ये तीनदा सांगितलेली. ओहोटी बाराच्या सुमारास होती आणि एकला निघालो तरच मध्यरात्रीपर्यंत घरी. सगळं बसत होतं.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. पाणी मागे हटत होतं, पण हवं तेवढं नाही. मधला पट्टा काही उघडा पडेना. चार नंबर, वर्गातली पहिली, बोटं मोजत होती. "मॅडम, आज तिथी काय?"

मामांनी सांगितलं, अष्टमी.

"मग भांगाची असणार. अष्टमीला सूर्य आणि चंद्र काटकोनात असत्यात. भरती कमी, ओहोटी बी कमी."

सातवीचा धडा. अर्धा ऑनलाइन, अर्धा शाळेत. मीच शिकवलेला. आणि मीच कॅलेंडर न बघता सहलीची तारीख ठरवलेली. एका घोडागाडीवाल्यानं दुजोरा दिला: आज मांडीपर्यंत राहील, चालत जाऊ नका, पोरी आहेत. छत्तीस जणांच्या घोडागाड्यांचे पैसे नव्हते. पोरं चिडतील असं वाटलं, पण त्यांना आपल्या भूगोलाच्या मॅडमचा भूगोल चुकला याचाच आनंद जास्त झाला. एकोणीसनं तर शेजारच्या शहाळेवाल्यालाही ते सांगितलं.

मग चारनं दप्तरातून दुमडलेला कागद काढला. प्रश्नावली. पेपरसाठी तयार केलेली: तुमचा व्यवसाय कोणता, हंगाम कोणता, उत्पन्नाची साधनं कोणती. घोडागाडीवाल्यापुढे ती उभी राहिली आणि पहिलाच प्रश्न वाचला. त्यानं उत्तर दिलं ते कागदावरच्या कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं. पावसाळ्यात घोडा पोसायला काय लागतं, घोड्याचे पाय खाऱ्या पाण्यानं कसे होतात, भाऊ मुंबईला रिक्षा चालवतो, असलं. ती लिहीत गेली, कागद संपला, मागच्या बाजूला लिहीत गेली. आजूबाजूला दहा-बारा जमले आणि आपापले प्रश्न विचारायला लागले. सव्वा वाजला तरी सरांनी शिट्टी वाजवली नाही.

परतीला खोपोली, पुणे, मग ओळखीचा कोरडा वारा. गाणी कऱ्हाडच्या आधीच संपली. निकाल मे महिन्यात. कोण आयटीआयला जाणार, कोण विट्याला अकरावीला, कोणाचं अजून घरात ठरायचंय, हे सगळं अंधारात हळू आवाजात चालू होतं. मी ऐकत नाही असं दाखवत होते.

साडेबाराला स्टँडवर पोचलो. पालक मोटारसायकली घेऊन उभे होते. दिवे, हाका, पिशव्यांची अदलाबदल, समुद्राच्या पाण्याच्या बाटल्या, वाळूच्या पुड्या. कुणी पाया पडलं, कुणी नुसतंच "येतो मॅडम" म्हणून पळालं. दहा मिनिटांत स्टँड रिकामा. ड्रायव्हरनं किलोमीटरचा कागद पुढे केला, मी दिव्याखाली सही करत होते, तेवढ्यात गाडीतून कंडक्टरच्या बाकाकडून ड्रायव्हरचाच आवाज आला.

"मॅडम, मोजली न्हाईत व्हय पोरं? एक राहिलाय."

मागच्या बाकावर बारा नंबर गाढ झोपला होता. हलवून उठवलं. डोळे चोळत उतरला, स्टँडकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हजेरी झाली?"

त्याला न्यायला कुणी आलं नव्हतं. वस्ती चार किलोमीटर. माझी स्कूटी शाळेत होती. मामांनी टॉर्च लावला आणि आम्ही तिघं ती काढायला शाळेकडे निघालो.